सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या गाड्या आणि कोकणातले गॅरेज : पैसे नेमके कशात घालावेत?

प्रश्न : कुडाळचे गॅरेजवाले

नमस्कार. कुडाळला आमचे घरचे गॅरेज आहे. वडिलांचा हात अँबेसिडर आणि जीपवर बसलेला होता. कार्बोरेटर जाऊन इंजेक्टर आले, २०२० च्या एप्रिलपासून बीएस-६ गाड्या आल्या, आणि मी व माझ्या भावाने त्या त्या वेळी लागेल ते शिकून घेतले. गेल्या काही वर्षांत मात्र कामाचे स्वरूपच बदलत चालले आहे, म्हणून जाणकारांचे मत घ्यावेसे वाटले.

गणपतीला मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांच्या बऱ्याच गाड्यांत आता पुढच्या काचेला आतून, आरशाच्या मागे, कॅमेरा असतो आणि बंपरमध्ये रडार असते. चतुर्थीच्या तोंडावर अशीच एक गाडी आमच्याकडे आली. ट्रकच्या चाकाखालून उडालेल्या खडीने तिची काच तडकली होती. काच आम्ही मागवून बसवली. परंतु नव्या काचेमागचा कॅमेरा पुन्हा जुळवून घेण्याचे जे काम असते, ज्याला कॅलिब्रेशन म्हणतात, ते आमच्याकडे होत नाही, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगितले होते. ठरल्याप्रमाणे गाडी गोव्याला कंपनीच्या वर्कशॉपमध्ये गेली आणि तिथले बिल आमच्या मजुरीच्या कितीतरी पट झाले. त्या कुटुंबाचा सणातला एक दिवस त्यात गेला, याचे मला अधिक वाईट वाटले.

माझा पुतण्या ऑटोमोबाइलचा डिप्लोमा पुरा करून आला आहे. त्याचे म्हणणे असे, की पुढे गाड्या स्वतःच चालतील, बिघाड कंपनी दूरवरूनच दुरुस्त करील आणि आमच्यासारख्यांची गरज उरणार नाही. हे कितपत खरे आहे? चालकाविना गाडी आपल्याकडच्या रस्त्यांवर नजीकच्या काळात येणार आहे का? आणि गॅरेजमध्ये काही लाखांची गुंतवणूक करायची झाल्यास ती कशात करावी? ज्यांचा या क्षेत्राशी प्रत्यक्ष संबंध आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १ : सावंतवाडीकर, मुक्काम पुणे

दादा, नमस्कार. मी मूळचा सावंतवाडीचा असून पुण्यात गाड्यांच्या सॉफ्टवेअरचेच काम करतो. आपल्या पुतण्याचे अर्धे म्हणणे खरे आहे, आणि ते अर्धे कोणते हे नीट समजून घेणे आपल्या धंद्याच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे.

आतापर्यंत गाडी बनवणारी कंपनी म्हणजे मुख्यतः सुटे भाग एकत्र जुळवणारी कंपनी होती. ब्रेकचा ईसीयू, म्हणजे त्या भागाचे नियंत्रण करणारा छोटा संगणक, एका पुरवठादाराचा, एअरबॅगचा दुसऱ्याचा, काचा वरखाली करणारा तिसऱ्याचा, आणि प्रत्येकातले सॉफ्टवेअर त्या त्या पुरवठादाराने लिहिलेले. हे सगळे डबे बॉशने १९८६ मध्ये मांडलेल्या कॅन नावाच्या पद्धतीने एकमेकांशी बोलतात. महागड्या गाड्यांत अशा डब्यांची संख्या शंभराच्या घरात गेली, वायरिंगचे वजन वाढत राहिले, आणि एका डब्यात बदल करायचा तर पाच पुरवठादारांशी बोलणे आले.

टेस्लाने २०१२ च्या मॉडेल एसपासून निराळी वाट धरली. मोजके संगणक, त्यांवर बरेचसे स्वतः लिहिलेले सॉफ्टवेअर, आणि मोबाइलला येतात तशी गाडीला नेटवर्कवरून येणारी अपडेट. याचा अर्थ काय होतो, ते २०१८ च्या एका घटनेवरून चांगले कळते. अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहकसंस्थेने मॉडेल ३ ची चाचणी घेतली, तेव्हा ताशी ६० मैलांवरून थांबायला गाडीला १५२ फूट लागले आणि संस्थेने गाडीची शिफारस करण्याचे नाकारले. कंपनीने थोड्याच दिवसांत अपडेट पाठवली आणि त्याच चाचणीत ते अंतर १३३ फुटांवर आले. डिस्क, पॅड, टायर काहीही बदलले नाही, पाना कोणी हातात घेतला नाही, आणि गाडी जवळपास सहा मीटर अलीकडे थांबू लागली. ब्रेकसारखी गोष्ट जर विक्रीनंतर दुरून बदलता येत असेल, तर गाडी विकली गेल्यावरही ती अर्धीमुर्धी कंपनीच्याच ताब्यात राहते. मला या सगळ्या बदलाचा गाभा इथे दिसतो.

जुन्या कंपन्यांना हे सहजी साधलेले नाही. फोक्सवॅगनने २०२० मध्ये सॉफ्टवेअरसाठी कारियाड ही वेगळी कंपनी उभी केली, पण तिथले काम लांबत गेले, त्यापायी पोर्शे आणि ऑडीच्या नव्या गाड्यांनाही उशीर झाला. अखेरीस २०२४ मध्ये फोक्सवॅगनने रिव्हियन या तरुण अमेरिकी कंपनीशी काही अब्ज डॉलरचा करार केला. रिव्हियनने त्याच वर्षी आपल्या गाडीतले १७ ईसीयू ७ वर आणले होते. फोक्सवॅगनला नेमके हेच कसब हवे होते. आपल्याकडे महिंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये आणलेल्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या विजेच्या गाड्यांतही एका शक्तिशाली मध्यवर्ती संगणकाभोवती रचना केलेली आहे. या कामाचा मोठा भाग पुण्यात होतो, हे आपल्या पुतण्याला अवश्य सांगावे. केपीआयटी आणि टाटा टेक्नॉलॉजीज या पुण्याच्या कंपन्या परदेशी गाडी उत्पादकांसाठी काम करतात, आणि २०२४ मध्ये बीएमडब्ल्यू व टाटा टेक्नॉलॉजीज यांनी मिळून याच कामासाठी इथे संयुक्त कंपनी काढली आहे.

या व्यवस्थेची दुसरी बाजूही मी कामावरच्या चर्चांत नेहमी मांडतो. बीएमडब्ल्यूने २०२२ मध्ये काही देशांत सीट गरम करण्याच्या सोयीसाठी मासिक वर्गणी लावली होती. हीटर सीटमध्ये बसवलेलाच होता, सॉफ्टवेअरने तो फक्त कुलूपबंद ठेवला होता. ग्राहक संतापले आणि पुढच्या वर्षी कंपनीने ती योजना गुंडाळली. त्याहून गंभीर उदाहरण फिस्करचे आहे. ही विजेच्या गाड्यांची कंपनी जून २०२४ मध्ये दिवाळखोरीत गेली, आणि ज्यांनी तिच्या गाड्या घेतल्या होत्या त्यांच्यापुढे यापुढे सॉफ्टवेअर कोण सांभाळणार हा प्रश्न उभा राहिला.

आता चालकाविना गाडीकडे येतो. स्वयंचलनाच्या शून्य ते पाच अशा पायऱ्या मानतात. भारतात एडास, म्हणजे कॅमेरा-रडारच्या आधारे चालकाला मदत करणारी यंत्रणा, असलेल्या म्हणून विकल्या जाणाऱ्या गाड्या फार तर दुसऱ्या पायरीवर आहेत, म्हणजे गाडी काही वेळ लेन आणि अंतर सांभाळते, पण लक्ष ठेवणे आणि जबाबदारी पूर्णपणे चालकाची असते. तिसऱ्या पायरीवर ठरावीक परिस्थितीत जबाबदारी गाडीकडे जाते. मर्सिडीजने २०२२ मध्ये जर्मनीत अशी प्रणाली विक्रीस आणली, ती सुरुवातीला महामार्गावर ताशी ६० किलोमीटरपर्यंतच चालत असे. त्या गाडीच्या चाकाच्या कमानीत रस्त्याचा ओलेपणा ओळखणारा सेन्सर आहे. रस्ता ओला आढळला की प्रणाली स्टिअरिंग चालकाकडे परत देते. ज्या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तिथे अशी प्रणाली चार महिने काय करील याची कल्पना आपणच करावी.

चौथ्या पायरीवर, गूगलच्या प्रकल्पातून निघालेल्या वेमो या कंपनीच्या टॅक्सी आहेत. गूगलने हे काम २००९ मध्ये सुरू केले, आणि फीनिक्समध्ये सर्वसामान्य प्रवाशांना चालकाविना सेवा मिळायला २०२० उजाडले. आज ती सॅन फ्रान्सिस्को, लॉस एंजेलिस अशा शहरांत आहे, पण आधी बारकाईने नकाशे तयार केलेल्या भागापुरतीच. जनरल मोटर्सच्या क्रूझ कंपनीने याच कामावर दहा अब्ज डॉलरहून जास्त खर्च केला. ऑक्टोबर २०२३ मध्ये दुसऱ्या गाडीची धडक बसलेल्या एका पादचारी महिलेला क्रूझच्या गाडीने फरफटत नेले, परवाना स्थगित झाला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये जनरल मोटर्सने टॅक्सीचा हा उद्योग थांबवत असल्याचे जाहीर केले. शिवाय नितीन गडकरी यांनी चालकांच्या रोजगाराचे कारण देऊन अशा गाड्यांना भारतात येऊ देणार नाही, अशी भूमिका जाहीरपणे एकाहून अधिक वेळा मांडलेली आहे. तेव्हा ती भीती आपण मनातून काढून टाकावी. काळजी करण्याजोगी गोष्ट गाडीच्या सॉफ्टवेअरची किल्ली ही आहे : ती कोणाकडे राहणार, आणि आपल्यासारख्या स्वतंत्र गॅरेजला मिळणार की नाही.

उत्तर २ : टुरिस्ट चालक, देवरूख

मी अनेक वर्षे पर्यटकांच्या गाड्या चालवतो आणि सध्याच्या गाडीत एडास आहे, म्हणून प्रत्यक्ष रस्त्यावर त्याचे काय होते तेवढे लिहितो.

मुंबई-गोवा महामार्गावर कणकवलीपासून खाली झारापपर्यंत चौपदरी रस्ता मोकळा असतो, पांढऱ्या रेषा ठळक असतात, तिथे पुढच्या गाडीपासून अंतर राखणारा क्रूझ कंट्रोल खरोखर उपयोगी पडतो आणि लांबच्या फेरीत पाय व डोके दोन्ही कमी थकतात. बाजूने येणाऱ्या दुचाकीची सूचना देणारा दिवा तर मला आता हवाच वाटतो. पण तीच गाडी संगमेश्वरकडे आणली, की चित्र पालटते. आरवली ते वाकेड या टप्प्याचे काम वर्षानुवर्षे रेंगाळले. जिथे वळणरस्ते काढले, तिथे जुन्या रेषा पुसलेल्या नाहीत आणि नव्या मारलेल्या आहेत, त्यामुळे कॅमेऱ्याला दोन रस्ते दिसतात आणि स्टिअरिंग भलत्या बाजूला हलके ओढले जाते. अशा ठिकाणी मी लेनची सोय बंद करतो आणि इतर चालकांनीही ती बंद करावी, असे आग्रहाने सांगतो.

आंबा घाटात वळणावर समोरून ट्रक आला, की काही वेळा गाडीला तो आपल्याच वाटेत आहे असे वाटते आणि ती जोरात ब्रेक लावते. मागे एसटी असेल तर हा प्रसंग साधा राहत नाही. पावसाळ्यात जांभ्याच्या लाल चिखलाचा थर बंपरवर बसला, की रडार बंद झाल्याचा संदेश येतो. फडक्याने पुसले की पुन्हा चालू होते. म्हणून जून ते सप्टेंबर गाडीत ओले फडके हाताशी ठेवावे आणि चहाला थांबल्यावर बंपर व काचेचा कॅमेऱ्यासमोरचा भाग पुसून घ्यावा.

गावातल्या रस्त्यांविषयीही सांगायला हवे. गुहागरकडे आतल्या रस्त्याला समोरून एसटी आली, तर कोणी मागे घ्यायचे हे दोन्ही चालक एकमेकांच्या तोंडाकडे पाहून ठरवतात. ज्याच्या मागे रुंद जागा आहे तो मागे घेतो, एक चाक साइडपट्टीवर उतरवतो, गटाराचा अंदाज घेतो, आणि पुढे गेल्यावर हात करतो. हे गाडीला शिकवता येणारच नाही असे मी म्हणत नाही, पण ज्यांनी हे रस्ते पाहिलेले नाहीत त्यांच्या मनात हा प्रश्न अजून आलेलाही नसावा.

उत्तर ३ : तंत्रनिकेतनातील शिक्षिका, रत्नागिरी

सावंतवाडीकरांनी किल्लीचा मुद्दा काढला, त्यावरच लिहिते, कारण आमच्या विद्यार्थ्यांपैकी निम्म्याहून अधिक मुले पुढे स्वतंत्र गॅरेजमध्येच काम करतात आणि त्यांच्या पोटापाण्याचा प्रश्न यात अडकलेला आहे.

हा वाद सॉफ्टवेअरच्या आधीपासूनचा आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. सुटे भाग, दुरुस्तीची माहितीपुस्तके आणि बिघाड शोधण्याची साधने स्वतंत्र गॅरेजना खुली न ठेवून या कंपन्या बाजारातील स्पर्धा रोखतात, असा आयोगाचा निष्कर्ष होता. कंपन्यांनी आदेशाला आव्हान दिले आणि प्रकरण वरच्या पायऱ्यांवर गेले. पण एका वैधानिक संस्थेने त्या काळीच स्कॅनर (गाडीला जोडून बिघाड वाचणारे यंत्र) आणि माहिती यांना सुट्या भागांच्या बरोबरीचे मानले, ही बाब प्रत्येक गॅरेजमालकाला ठाऊक असली पाहिजे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी जे संकेतस्थळ सुरू केले, त्यातही मोटारींचा समावेश आहे. युरोपात तर २०१८ च्या नियमानुसार, ज्याची अंमलबजावणी सप्टेंबर २०२० पासून झाली, उत्पादकाने दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजना देणे बंधनकारक आहे.

कंपन्यांच्या बाजूने एक रास्त मुद्दा आहे आणि तो मी वर्गातही सांगते. २०१५ मध्ये दोन अमेरिकी संशोधकांनी धावत्या जीप चेरोकीत दुरून, मोबाइल नेटवर्कवरून, शिरकाव करून इंजिनाची शक्ती तोडून दाखवली, आणि त्यानंतर सुमारे १४ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. तेव्हापासून गाडीच्या आतल्या जाळ्यापुढे पहारा बसवणे सुरू झाले, आणि संयुक्त राष्ट्रांच्या मंचावर २०२० मध्ये वाहनांच्या सायबर सुरक्षेसाठी व सॉफ्टवेअर अपडेटसाठी स्वतंत्र नियम संमत झाले. या पहाऱ्यामुळेच बाजारातले साधे स्कॅनर काही नव्या गाड्यांत बिघाड वाचतात, पण काहीही बदलू किंवा नव्याने नोंदवू शकत नाहीत. मात्र सुरक्षा हवी म्हणून दार फक्त कंपनीच्या वर्कशॉपलाच उघडे ठेवावे, हे मला मान्य नाही. युरोपात सर्मी नावाच्या योजनेखाली स्वतंत्र गॅरेजची आणि तिथल्या माणसांची पडताळणी होते व पात्र ठरलेल्यांना गाडीच्या किल्ल्या, इमोबिलायझर (चोरी रोखणारे इलेक्ट्रॉनिक कुलूप) यांसारख्या संवेदनशील कामांची माहिती रीतसर मिळते. अशी व्यवस्था आपल्याकडे हवी, आणि ती मागण्यासाठी गॅरेजमालकांच्या जिल्हा संघटनांनी पुढे यायला हवे.

पुतण्याने काय शिकावे, याविषयी माझे मत स्पष्ट आहे : विजेच्या मोजमापावर पक्का हात बसवावा. कोकणातल्या खाऱ्या हवेने कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात आणि त्यातून जे बिघाड उद्भवतात ते कोणत्याही अपडेटने जाणार नाहीत. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणमध्ये असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या, त्यांपैकी अनेकांचे इंजिन वाचवता आले, पण सीटखालच्या आणि डॅशबोर्डमागच्या ईसीयूंनी आणि त्यांच्या जोडण्यांनी नंतर कित्येक महिने त्रास दिला. अशा वेळी स्कॅनर नुसता संपर्क तुटल्याचे सांगतो. कॅनच्या दोन तारांमध्ये, बॅटरी सोडवून, मीटर लावला तर साधारण ६० ओहम दिसायला हवेत, कारण तारेच्या दोन टोकांना १२० ओहमचे एकेक रोधक समांतर असतात. १२० दिसले तर एक टोक तुटले आहे, शून्याजवळ दिसले तर तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. एवढे ज्याला समजते आणि वायरिंगच्या नकाशावरून तुटलेली जागा शोधता येते, त्या मुलाला काम शोधत फिरावे लागत नाही. पुढे त्याला विजेच्या गाड्यांकडे जायचे असेल, तर उच्च दाबाच्या बॅटरीवर सुरक्षितपणे काम करण्याचे प्रशिक्षण आधी घ्यावे. त्याशिवाय त्या बॅटरीला हात लावू नये.

प्रश्नकर्ते : कुडाळचे गॅरेजवाले

आपण तिघांनी वेळ काढून इतके सविस्तर लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार. ६० ओहमची गोष्ट पुतण्याला लगेच दाखवली आणि दारात उभ्या असलेल्या एका गाडीवर त्याने ती करूनही पाहिली. आता एकच विचारायचे आहे. कॅलिब्रेशनसाठी गाडीपुढे उभी करायची चौकट आणि तिच्यावर लावायचे, कॅमेऱ्याने पाहायचे खुणांचे फलक घ्यायचे म्हटले, तर त्यासाठी जागा किती लागेल, आणि आमच्या भागात तेवढे काम येईल का? की आधी चांगल्या स्कॅनरवरच थांबावे?

उत्तर १ : सावंतवाडीकर, मुक्काम पुणे

आधी स्कॅनर घ्यावा, चौकट नंतर. कारण काही कंपन्यांच्या गाड्यांचे कॅलिब्रेशन फलकाशिवाय होते. स्कॅनर जोडून ठरावीक वेगाने काही किलोमीटर गाडी चालवायची असते, आणि त्यासाठी ठळक रेषांचा सरळ रस्ता लागतो. कुडाळ ते झाराप हा टप्पा त्यासाठी चांगला आहे. हे काम भर पावसात होत नाही, तेव्हा पावसाळ्यात गिऱ्हाइकाला उघडीप पाहूनच वेळ द्यावी. स्कॅनर घेताना विक्रेत्याकडून लेखी घ्यावे, की आपल्याकडे सर्वाधिक येणाऱ्या मॉडेलांवर तो नुसते वाचतो की कॅलिब्रेशनही करतो, आणि वार्षिक नूतनीकरणाचा खर्च किती. पुष्कळ स्कॅनरचे सॉफ्टवेअर वर्गणी संपली की नव्या गाड्या ओळखत नाही.

फलकाचे काम करायचे झाल्यास जमीन अगदी सपाट हवी, प्रकाश सगळीकडे सारखा हवा, आणि गाडीच्या पुढे काही मीटर मोकळी जागा हवी. नेमके अंतर प्रत्येक मॉडेलच्या माहितीपुस्तकात दिलेले असते. त्याआधी व्हील अलाइनमेंट झालेलेच हवे आणि टायरमध्ये हवा बरोबर हवी. कॅमेरा एकाच अंशाने वाकडा राहिला, तर ५० मीटर पुढच्या गाडीची जागा सुमारे ८७ सेंटिमीटरने चुकते, म्हणजे ती शेजारच्या लेनकडे सरकलेली दिसू शकते आणि ब्रेक लागायचा तिथे लागत नाही. म्हणून हे काम अंदाजाने कधीही करू नये, आणि केल्यावर स्कॅनरचा अहवाल छापून गिऱ्हाइकाला द्यावा व एक प्रत स्वतःकडे ठेवावी. कामाच्या प्रमाणाबद्दल बोलायचे तर कुडाळ, कणकवली आणि सावंतवाडीतल्या काच बसवणाऱ्यांना व बंपरचे काम करणाऱ्यांना आधी विचारून पाहावे. त्यांच्याकडे कॅमेऱ्याच्या किती गाड्या येतात हे कळले, की तिघाचौघांनी मिळून एकच चौकट घ्यायची का, हे ठरवता येईल.